लहानूला पुन्हा विचारावे

राजुरा
८ मार्च १९८६

कमलाबाईंना जयभीम.

तुमचे कार्ड मिळाले. माझा धाकटा भाऊ लहानू याला भेटून कोर्टाला अहवाल देण्याचे काम तुमच्याकडे आले आहे, हे वकिलांकडून समजले होते. तुम्ही मागितलेली माहिती लिहितो. मला पत्रे लिहायची सवय नाही. मी खाणीत हजेरीबाबू आहे, नावांपुढे खुणा करणे एवढेच माझे लिहिणे.

लहानू बत्तीस वर्षांचा आहे. जन्मापासून त्याची समज कमी. डॉक्टर मतिमंद म्हणतात, गावात भोळा म्हणतात. थोडे बोलतो. बकऱ्या चारतो, पाणी भरतो, मोह वेचतो. पैसे त्याला कळत नाहीत. कागदावर अंगठा कशासाठी घेतात, तेही कळत नाही. वडील फार पूर्वी वारले. आमची आई बायनाबाई जानेवारीत चंद्रपूरच्या दवाखान्यात वारली. धानाची शेती आता आम्हा दोघा भावांच्या नावावर यायची आहे. तलाठी म्हणाले, याचा अंगठा असा घेता येणार नाही, आधी कोर्टातून पालक नेमून आणा. म्हणून हा अर्ज.

पालक मी व्हावे आणि लहानूला राजुऱ्याला माझ्या क्वार्टरमध्ये आणावे, असे मी अर्जात लिहिले आहे. सध्या तो नवेगाव चेकला आमच्या घरीच आहे. शेजारी गुणामावशी राहते, आईची सख्खी बहीण. ती त्याला जेवू घालते. पण तिचेही वय झाले.

आई गेल्यावर तो कसा आहे, असे तुम्ही विचारले. तो रडला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पंगतीत बसून पोटभर जेवला. मरण म्हणजे काय हे त्याला कळत नसावे. एका परीने बरे आहे.

आपला
श्रीहरी


चंद्रपूर
२६ मार्च १९८६

श्रीहरीभाऊ, जयभीम.

परवा नवेगावला जाऊन आले. दिवसभर राहिले.

तुमच्या मावशीने मला दारातच अडवले. "ऑपरेशनवाली बाई का? जा पुढं. या घरात आता कोनाले लेकरं होत नाईत." कोर्टाचे नाव काढले तर आणखी घाबरल्या. मग चहा झाला आणि त्या बोलत्या झाल्या.

माझे काम तुम्हाला नीट सांगितलेले बरे. आमच्या संस्थेकडे कोर्टातून बहुतेक लहान मुलांची प्रकरणे येतात. मोठ्या माणसासाठी कोर्ट क्वचित विचारते. कोर्टाला दोन गोष्टी हव्या आहेत. लहानूला आपला कारभार स्वतः पाहता येतो का, आणि त्याने कुठे, कोणाजवळ राहणे त्याच्या हिताचे आहे. पहिल्या गोष्टीचे उत्तर तुम्ही लिहिले तेच आहे. दुसऱ्या गोष्टीत मी त्याचे म्हणणेही कोर्टापुढे ठेवते. समज कमी असली तरी माणसाला आपले मन असते.

सकाळी मी त्याच्याबरोबर मोह वेचला. माझी टोपली भरत नाही हे पाहून त्याने आपल्यातली दोन ओंजळी फुले माझ्या टोपलीत टाकली. दुपारी धुतलेला शर्ट घालून तो फाट्यावर गेला, मीही गेले. रोज चंद्रपूरची बस येते तेव्हा तो तिथे असतो. ड्रायव्हर-कंडक्टर त्याला ओळखतात, हात करतात. त्याचा दिवस असा आखलेला आहे.

मी त्याला विचारले, "लहानू, श्रीहरीभाऊकडे राजुऱ्याला राहायला जाशील?" तो म्हणाला, "नाई." "मग कुठे राहशील?" "इथीच." संध्याकाळी वेगळ्या शब्दांत विचारले, मावशींना बाहेर बसवून विचारले. उत्तर तेच.

तुम्हाला हे आवडणार नाही, जाणते. पण अहवालात मी हेच लिहिले आहे की त्याची इच्छा स्पष्ट आहे आणि गावात त्याचे बरे चालले आहे. अहवाल कोर्टात दिला.

कमला


राजुरा
४ एप्रिल १९८६

कमलाबाईंना जयभीम.

पत्र मिळाले. त्याने सांगितले ते सांगितले. मी कोर्टात हरकत घेणार नाही.

त्याच्यासाठी नवारीची खाट करून घेतली होती. ती सध्या अंगणात आहे. माझी बायको सत्यशीला त्यावर मिरच्या वाळवते.

दवाखान्यात आई मला एवढेच म्हणाली होती, "लहानूले टाकू नोको." त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही. हे कोर्टात सांगण्यासारखे नाही म्हणून अर्जात लिहिले नव्हते. तुम्हालाही सहज लिहिले.

श्रीहरी


नवेगाव चेक
१९ मे १९८६

कमलाबाईंना जयभीम.

रजा काढून छपराचे कवेलू फेरायला आलो आहे. पावसाच्या आत घर शाकारले पाहिजे. काल एक गोष्ट घडली ती तुम्हाला कळवणे जरूर आहे.

दुपारी लहानू धुतलेला शर्ट घालून निघाला. तुम्ही लिहिले होते म्हणून मीही त्याच्यामागे फाट्यावर गेलो. बस आली. दोन माणसे उतरली. लहानूने खिडक्या एकेक करून पाहिल्या. कंडक्टर दारातूनच हसून म्हणाला, "काऊन गा लहानू, आज बी नाई आली तुही माय! उद्या पाय." लहानू म्हणाला, "उद्या." बस गेली.

मी त्याला विचारले, "लहानू, माय कुठी हाये?"

"दवाखान्यात."

"कोनं सांगलं?"

"सप्पाईनं." म्हणजे सगळ्यांनी.

आईला दवाखान्यात नेले ते याच बसने. लहानूने तिचे गाठोडे बसमध्ये चढवले होते. ती परत आली ती भाड्याच्या जीपमध्ये, आणि त्या वेळी लहानू गावात नव्हता. आमच्याकडे भोळ्या माणसाला मातीला नेत नाहीत. तो घाबरतो, झपाटतो, असे जुने लोक म्हणतात. मावशीने त्याला गावातल्या झिंगूबरोबर लाकडे आणायला जंगलात धाडले होते. मलाही ते तेव्हा गैर वाटले नाही. मी आईजवळ होतो. तो संध्याकाळी आला तेव्हा सगळे आटोपले होते.

घरी येऊन मी मावशीला विचारले की आई मेली हे त्याला कोणी सांगितले होते की नाही.

मावशी म्हणाली, "तू निंगून गेला राजुऱ्याले. तुले काय मालूम? तो दिवसभर 'माय, माय' करे, खाये नाई, पिये नाई. म्या म्हनलं येते माय, दवाखान्यात हाये. तवा जेवला. मंग गावच म्हनू लागलं, येते."

"आन पुण्यानुमोदनाची पंगत? ते कायची वाटली त्याले?"

"जयंतीची समजला असन. भाताची पंगत आन पांढरे कपडे, त्याले सारखंच. आता काऊन उकरून काढतं बापू? वाट पाहून राह्यला त पाहू दे. वाट पाहाले काई पैसे पडत नाई."

मी लोकांना दोष देत नाही. सगळ्यांनी मायेनेच केले. पण तुमच्या अहवालाचे आता काय? तो इथेच म्हणाला ते गावासाठी नव्हते. आई येणार आहे म्हणून तो थांबला आहे. त्याला खरे सांगितले तर तो राजुऱ्याला यायला तयार होईल. सांगितले तर येईल, अशी माझी खात्री आहे. मी दोन दिवसांत त्याला सांगतो. तुम्ही लगेच येऊन पुन्हा विचारले तर कोर्टाची सुट्टी संपायच्या आत नवा अहवाल तयार होईल.

श्रीहरी


चंद्रपूर
२४ मे १९८६

श्रीहरीभाऊ, जयभीम.

तुमचे पत्र वाचले.

चूक माझी आहे. कुठे राहशील, हे मी त्याला दोनदा विचारले. घरात कोण कोण आहे, हे एकदाही विचारले नाही. धुतलेला शर्ट पाहिला आणि त्याचा दिवस आखलेला आहे असे लिहून मोकळी झाले. आई वारली हे त्याला ठाऊकच असणार, असे तुमच्यासारखे मीही धरून चालले. ज्या माणसाला आपल्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट ठाऊक नाही, त्याच्या होकार-नकाराला मी त्याची इच्छा म्हटले. अहवाल परत घेण्याचा अर्ज मी आजच लिहिला आहे. सुट्टी संपली की देईन.

आता एक कडू बोलते. सांगितले तर येईल, असे तुमच्या पत्रात दोनदा आहे. सांगितले पाहिजे, असे एकदाही नाही. त्याला राजुऱ्याला नेता यावे म्हणून सांगणार असाल तर तूर्त सांगू नका. ती त्याचीही आई होती, तेवढ्यासाठी सांगा.

सांगायचे तुम्हीच. मी परकी आहे आणि मावशींच्याने ते होणार नाही. सांगाल त्या दिवशी राजुऱ्याचे नाव काढू नका. नंतरही काढू नका. मी लगेच येणार नाही. त्याला निदान काही आठवडे त्या दुःखात राहू द्या. मग येऊन विचारीन. तेव्हा तो काय म्हणेल ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही.

कमला


चंद्रपूर
१६ जून १९८६

श्रीहरीभाऊ,

तुमचे उत्तर नाही. कोर्ट उघडले. अहवाल परत घ्यायला न्यायाधीशांनी परवानगी दिली, पण चार शब्द ऐकवले. जुलैअखेरची तारीख मिळाली आहे.

माझा राग आला असेल तर तसे लिहा. रागाचे पत्रही चालेल.

कमला


नवेगाव चेक
२३ जून १९८६

कमलाबाईंना जयभीम.

राग आला होता. तुमचे पत्र मी सत्यशीलेला दाखवले, तिने माझी बाजू घ्यावी म्हणून. ती वाचून म्हणाली, "तुमाले भाऊ पाह्यजे का कोर्टात जिंकाचं हाये?" मग तिच्याशीही दोन दिवस बोललो नाही. नंतर रजा मागितली, ती उशिरा मिळाली.

गुरुवारी लहानूला सांगितले. आधी घरात सांगितले. "लहानू, माय मेली." तो म्हणाला, "दवाखान्यात." मी पुन्हा सांगितले. त्याने पुन्हा तेच म्हटले आणि शर्ट घालायला उठला. माझे शब्द नुसते त्याच्या अंगावरून जात होते. म्हणून त्याचा हात धरून मातीच्या जागेकडे घेऊन गेलो. आमची जागा नाल्याच्या काठी, पळसाच्या झाडांत आहे. मावशी मागून बडबडत आली, "पोराले मारतं का रे, श्रीहरी? तुले काई वाटते का नाई?"

पावसाने आईची माती खचली होती. चांगला खड्डा दिसत होता. मी म्हणालो, "माय इथी हाये. दवाखान्यात मेली. आमी इथी गाडली."

त्याने खड्ड्याकडे पाहिले. मग मला म्हणाला, "खोद."

मी म्हणालो, "खोदता येत नाई लहानू."

"खोद न!" आणि तो स्वतःच हातांनी उकरायला बसला. मी त्याला मागून धरले तेव्हा त्याने माझ्या तोंडावर मारले. त्याने आयुष्यात कोणावर हात उचलला नव्हता. मावशी तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. "म्या झूट बोलली रे बापू. मारतं त मले मार." त्याने तिला मारले नाही.

मला पुढे काय करावे हे सुचत नव्हते. माणसे मातीला जाऊन जे करतात तेच केले. मूठभर माती उचलून त्याच्या हातात दिली. म्हणालो, "सप्पाईनं देल्ली. तुही राह्यली होती."

ती माती तो हातात धरून बसला. मग हळूच टाकली. मग दुसरी मूठ घेतली, तीही टाकली. मग तो थांबलाच नाही. नाल्याच्या काठची माती शर्टाच्या घोळात भरून आणायचा आणि ओतायचा. एकट्याला जड जाईल म्हणून मीही ओंजळ भरून आणली, तर त्याने माझ्या हातांवर फटका मारून ती सांडून टाकली. म्हणाला, "तू देल्ली. आता माही."

मी बाजूला बसलो. मावशीही बसून होती. खड्डा भरला, मग वर उंचवटा झाला. त्याने तो दोन्ही हातांनी थापून थापून नीट केला. दिवस मावळायला आला तेव्हा उठला आणि आमच्याकडे न पाहता घरी चालू लागला.

आई गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. दवाखान्याचे कागद, जीप, लोकांना निरोप, यातच दिवस गेला होता. गुरुवारी तिथे बसून रडलो. सत्यशीला सोडून कोणाला सांगितले नाही, तुम्हाला लिहितो आहे.

तेव्हापासून लहानू माझ्याशी बोलत नाही. मी वाढलेले जेवत नाही. मावशीने वाढले तर जेवतो. फाट्यावर गेलेला नाही. मी राजुऱ्याचे नाव काढलेले नाही. उद्या परत जातो.

श्रीहरी


चंद्रपूर
१४ जुलै १९८६

श्रीहरीभाऊ, जयभीम.

परवा नवेगावला गेले होते. बस फाट्यावर थांबली तेव्हा तो तिथे नव्हता. कंडक्टर मला म्हणाला, "बाई, त्या दिसापासून येत नाई तो. मी बी मजाक करे. मालूम असतं त केली नसती." त्याचे तोंड उतरले होते.

या वेळी मी आधी आईबद्दल विचारले. "माय कुठी?" त्याने मला नाल्यावर नेऊन दाखवले. परत आल्यावर ओट्यावर बसलो आणि मी विचारले, "श्रीहरीभाऊकडे राजुऱ्याला राहायला जाशील?"

"नाई."

"काऊन?"

त्याला उत्तर जुळवायला वेळ लागला. मी घाई केली नाही. मग म्हणाला, "माय इथी हाये. मावशी म्हातारी झाली. पानी कोन आनन?"

मावशी आतून ओरडल्या, "म्हातारी तुही सासू!" आणि तो हसला. मी त्याला हसताना प्रथमच पाहिले.

श्रीहरीभाऊ, उत्तर मार्चमधलेच आहे. पण या वेळी ते त्याचे आहे. मी त्याचे शब्द जसेच्या तसे अहवालात लिहिले आहेत. पालक तुम्ही व्हावे, असेही लिहिले, कारण मावशींचे वय आणि कागदपत्रांचे काम पाहता कोर्ट तुमचेच नाव घेईल. तुमचे काही वेगळे म्हणणे असेल तर तारखेला सांगा.

एक गोष्ट अहवालात नाही. तुमचे नाव काढले की तो तोंड फिरवतो. मी त्याला समजावले नाही. तो त्याचा राग आहे, मला त्यात हात घालता येणार नाही.

कमला


राजुरा
४ ऑगस्ट १९८६

कमलाबाईंना जयभीम.

तारखेला तुम्ही हजर होता, तेव्हा कोर्टातले सगळे तुम्हाला ठाऊकच आहे. निकालाची नक्कल आली, म्हणून कळवतो. मी तारखेला मागितले तसेच झाले आहे. शेतीचे कागद मी पाहायचे. लहानूची देखभाल गुणामावशीकडे. मावशीला होईनासे झाले तर पुढची व्यवस्था ठरवताना लहानूला पुन्हा विचारावे, असेही त्यात लिहिले आहे. वकील म्हणाले, असे वाक्य त्यांनी कधी निकालात पाहिले नाही. ते तुम्ही सांगून घालायला लावले असणार.

तुम्ही बाहेर आल्यावर मला विचारले होते की मी आपण होऊन देखभालीसाठी मावशीचे नाव का सुचवले. ते इथे लिहितो. त्याचे असे आहे की तो आजारी पडला तर डोक्यावर हात ठेवायला मी तिथे नसणार. मी फक्त कागदावर असतो. आईने टाकू नको म्हटले होते, आणि मला इतके दिवस वाटत होते की टाकू नको म्हणजे घेऊन ये.

काल रविवार म्हणून गावी गेलो. धानाचा रोवणा चालू आहे. मावशी आणि चार बाया चिखलाने भरलेल्या बांधीत रोपे रोवत होत्या आणि लहानू त्यांना पऱ्ह्याच्या पेंड्या फेकत होता. तो फेकतो ती पेंडी बरोबर बाईच्या हाताशी पडते. मी कडेला धुऱ्यावर उभा राहिलो. मावशी म्हणाली, "आले साहेब, हजेरी घ्याले!" बाया हसल्या. लहानूने मान वर केली नाही. मी तसाच उभा. परतीची बस संध्याकाळची होती.

बऱ्याच वेळाने तो पेंड्या घ्यायला धुऱ्याजवळ आला. माझ्या पायांकडे पाहिले. तोंडाकडे पाहिले नाही. म्हणाला, "बूट काढ."

मी बूट काढले, विजार वर दुमडली आणि बांधीत उतरलो.

श्रीहरी